नाच पुरे, आता त्यांना बोलू द्या

मा. संपादक,

आफ्रिकन वंशाच्या सिद्दी लोकांवर हल्ली डॉक्युमेंटऱ्या बऱ्याच निघतायत, चांगलंच आहे, पण एक शूटिंग मी स्वतः बघितलंय म्हणून लिहितोय. कर्नाटकातल्या हल्याळजवळची एक वाडी. बायकांना तोच नाच तीनदा करायला लावला, तिसऱ्यांदा का तर म्हणे ऊन नीट पडलं नाही. ओट्यावर एक आजी कवंदी शिवत बसलेली, जुन्या साड्यांचे तुकडे, चारी कोपऱ्यांना कापड दुमडून केलेली फुलं. फुलं नसली तर गोधडी नागडी दिसते, असं ती कोकणीत म्हणाली, मला सगळं कळलं. नंतर यूट्यूबवर बघतो तर तिच्या आवाजावर हिंदी निवेदन चढवलेलं, 'आफ्रिकेचा ताल' वगैरे.

सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा नाहीतर मलिक अंबर आठवतो (तोही लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेलाच). पण पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, तिथून पळून घाटावरच्या जंगलात शिरलेले लोक, त्यांची नातवंडं-पतवंडं आज यल्लापूर-हल्याळकडे राहतात, अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला 2003 उजाडलं. कोणाच्या घरात राबवलं, कोणी विकत घेतलं, हे गोव्यात जाऊन कॅमेरा का विचारत नाही?

अमेरिकेत अलाबामातल्या आफ्रिकाटाउनवर मार्गारेट ब्राऊन बाईंनी 2022 मध्ये 'डिसेंडंट' (म्हणजे वंशज) ही डॉक्युमेंटरी केली ती बघा. गुलाम आणण्यावर 1808 पासून बंदी असताना 1860 मध्ये टिमथी मेहेर नावाच्या धनाढ्याने क्लोटिल्डा जहाजातून 110 माणसं आणवली आणि पुरावा नको म्हणून जहाज जाळलं. सुटका झाल्यावर त्या माणसांनी त्याच्याकडे जमीन मागितली, त्याने दिली नाही, मग राबून पैसे जमवून विकत घेतली, तेच आफ्रिकाटाउन. त्यातल्या कजो लुईसची मुलाखत लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी घेतली, पण प्रकाशकाला त्याची बोली नको होती, हर्स्टनबाईंनी बदलायला नकार दिला, पुस्तक आलं थेट 2018 मध्ये. फिल्ममध्ये वंशजच ते वाचून दाखवतात आणि मेहेरांची जमीन आज कुणाकडे आहे तेही विचारतात.

आपल्याकडे निदान ते हिंदी निवेदन काढा, खाली सबटायटल द्या. आणि पडदा बांधून त्याच वाडीत एकदा दाखवा, त्या आजीने अजून बघितलेली नाही ती फिल्म.

एक वाचक, बेळगाव