हाल्कीची वाट हलकी नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पर्यटन पुरवणीत ग्रीसच्या बेटांवर आलेल्या लेखाने नाक्सोस बेटाच्या त्रागेआ खोऱ्याला चार ओळी दिल्या, याचा आनंद आहे. एरवी आपल्याकडे ग्रीसची गाडी सांतोरिनीच्या निळ्या घुमटांपाशीच थांबते. पण त्या चार ओळींत ‘अर्ध्या तासाची रमतगमत फेरी’, ‘चुकण्याचा प्रश्नच नाही’ आणि ‘गावात मिळणारे लिंबाचे मद्य’ अशी तीन विधाने आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मंडळी आत्ता आरक्षणे करत असतील, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

पहिला घोळ नावाचा. फेरी जिथून सुरू होते ते गाव हाल्की. पण हाल्की नावाचे एक स्वतंत्र बेटही आहे. ते रोड्स बेटाजवळ, नाक्सोसपासून फार दूर, आणि तिथे हे खोरे नाही. बोटीच्या संकेतस्थळावर ‘हाल्की’ टाकून तिकीट काढले तर तुम्ही त्या बेटावर उतराल. तिकीट नाक्सोसचे काढायचे. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठ्या बोटीला साधारण पाच-साडेपाच तास लागतात. बोट लागते त्या मुख्य गावाला सगळे ‘होरा’ म्हणतात (बहुतेक ग्रीक बेटांवर मुख्य गावाला होराच म्हणतात), आणि हाल्की तिथून आत सुमारे 16 किलोमीटरवर आहे. गावाचे नाव लॅटिन अक्षरांत कुठे ‘एच’ने तर कुठे ‘सीएच’ने लिहिलेले असते, कुठे शेवटी ‘ओ’ जोडून हाल्किओ केलेले असते. ग्रीक पाटीवर पहिले अक्षर गुणाकाराच्या फुलीसारखे दिसते. ती फुली लक्षात ठेवली की पुरे. हाल्कीपुढच्या फिलोती गावाचे पहिले अक्षर म्हणजे गोलातून गेलेली उभी रेघ. फेरीच्या वाटेवरचे मोनी गाव मात्र इंग्रजी ‘एम’सारख्याच अक्षराने सुरू होते.

होराहून बस बंदरासमोरून सुटते आणि फिलोतीकडे जाताना हाल्कीला थांबते. तिकीट चढण्याआधी काढून ठेवावे, बसमध्ये मिळेलच असे गृहीत धरू नये. रविवारी आणि हंगाम संपल्यावर गाड्या कमी होतात.

आता वाट. हाल्कीच्या छोट्या चौकातून आयोस योर्गिओस दियासोरितिस या देवळाची (म्हणजे चर्चची) पाटी धरायची. इथली वाट दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींमधून जाते, माथ्यावर जुनी ऑलिव्हची झाडे वाकलेली असतात. दहा-पंधरा मिनिटांत झाडांत दडलेले हे देऊळ येते. ते अकराव्या शतकातले आहे आणि आतल्या भिंतींवर त्याच काळातली चित्रे आहेत. उन्हाळ्यात सकाळी दार उघडे सापडले तर आत जावे. बंद असेल तर दार ठोठावत बसू नये, पुढे निघावे. पुढे मोनित्सिया या वाडीच्या अंगाने वाट चढू लागते आणि मोनी गावाकडे जाते. मोनीपासून जरा खाली पानायिया द्रोसियानी हे देऊळ, तिथून उतरून कालोक्सिलोस, आणि मग परत हाल्की. पायाला सवय असलेल्या माणसाला थांबत-बघत तीन तास लागतात. मुले किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर चार धरा. लेखातल्या अर्ध्या तासात फक्त पहिल्या देवळापर्यंत जाऊन परत येता येईल.

हे खोरे एवढे हिरवे का, याचे उत्तर डोंगरात आहे. खोऱ्याच्या टोकाला झास उभा आहे, उंची हजार मीटरच्या थोडी वर, म्हणजे सिक्लाडीस बेटांतला (नाक्सोस ज्यात येते त्या बेटसमूहातला) सर्वांत उंच डोंगर. तो ढग अडवतो. वरचा संगमरवर पाणी आत मुरवून घेतो, खालचा पापुद्र्यापापुद्र्यांचा शिस्ट खडक ते खाली जाऊ देत नाही, आणि दोन खडक जिथे भेटतात तिथे झरे फुटतात. किनाऱ्यावरून येताना उघडेबोडके डोंगर पाहिलेल्याला त्रागेआत शिरल्यावर बेट बदलल्यासारखे वाटते. शिवाय हे खोरे समुद्रावरून दिसत नाही. चाच्यांचा काळ होता तेव्हा लोक किनारा सोडून आत आले ते याच आडोशाला. एवढ्याशा जागेत इतकी बायझंटाईन (मध्ययुगातल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातली) देवळे का, याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

‘चुकण्याचा प्रश्नच नाही’ हे वाक्य मात्र लेखकाने परत घ्यावे. खोऱ्यात अशा भिंतबंद बोळांचे जाळे आहे. यातले काही खरे ‘कालदेरीमी’, म्हणजे खेचरांसाठी दगड बसवून केलेले जुने रस्ते. बाकीचे एखाद्याच्या बागेपर्यंत जाऊन संपतात. दोन्ही वरवर दिसायला सारखेच. फोनवरचा नकाशा इथे दोन प्रकारे फसवतो. एक म्हणजे तो जवळचा मार्ग म्हणून तुम्हाला डांबरी रस्त्यावर काढतो आणि चालण्यातली मजाच जाते. दुसरे म्हणजे दोन बोळ शेजारी-शेजारी समांतर असतात. फोन तुम्हाला बरोबर मार्गावर दाखवतो, प्रत्यक्षात तुम्ही शेजारच्या बोळात असता आणि मध्ये छातीएवढी भिंत असते. हे पुढच्या वळणावर कळते, तेव्हा नकाशावरची वाट डावीकडे जाते आणि तुमच्या डावीकडे वाटच नसते.

म्हणून खुणा बघाव्यात. बेटावरच्या वाटांना लाल-पांढरे, आकडा लिहिलेले छोटे चौकोन लावलेले आहेत. ते विजेच्या खांबावर, भिंतीच्या कोपऱ्यावर, झाडाच्या बुंध्यावर असतात. प्रत्येक फाट्यावर तुमचा आकडा दिसला पाहिजे. फाटा ओलांडून पाच मिनिटे झाली आणि खूण नाही, तर पुढे ‘येईलच’ म्हणून रेटू नये, मागच्या खुणेपर्यंत परतावे. दुसरी ओळख पायाखाली असते. खऱ्या कालदेरीमीत मधे-मधे आडव्या दगडांच्या पायऱ्या असतात आणि दगड खुरांनी गुळगुळीत झालेले असतात. दोन्हीकडच्या भिंती संपल्या आणि पाय नांगरलेल्या मातीत पडला, की समजावे, आपण कुणाच्या तरी बागेत शिरलो. कुणी दिसले तर ‘मोनोपाती?’ म्हणून गावाचे नाव घ्यावे. मोनोपाती म्हणजे पायवाट. रस्त्याचा इंग्रजी शब्द वापरलात तर समोरचा माणूस सौजन्याने डांबरी रस्ता दाखवतो.

चुकल्यावर भिंत ओलांडून पलीकडे उतरण्याचा मोह होतो. तो आवरावा. या भिंतींत चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड तोलून धरलेला आहे. वरचा एक दगड पायाने सरकला की हातभर भिंत ढासळते, आणि ती परत रचणारे हात आता थोडे उरलेत. कोरड्या दगडी बांधकामाची ही कला 2018 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, ग्रीससह आठ देशांच्या नावाने. दुसरे कारण जास्त पटेल: या फटींत साप राहतात आणि त्यांत नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला विषारी व्हायपरही असतो. तो माणसाच्या मागे लागत नाही, पण न बघता फटीत घातलेला हात त्याला चालत नाही. दंश झालाच तर जखम कापू नये, दोरी आवळू नये. हालचाल कमी ठेवून 112 वर फोन करावा. रुग्णालय होरात आहे.

फाटके हा आणखी एक विषय लेखात नव्हता. वाटेत मधेच जुन्या पलंगाची जाळी किंवा लाकडी चौकट तारेने अडकवलेली दिसते. हा रस्ता बंद असल्याचा फलक नव्हे, ते शेळ्यांसाठीचे फाटक आहे. तार सोडावी, पलीकडे जावे आणि जशी होती तशीच पुन्हा अडकवावी. उघडे राहिले तर शेळ्या ऑलिव्हची कोवळी फूट खातात आणि मालक पुढच्या वर्षी कुलूप लावतो. वाट अशानेही बंद होते. हिवाळ्याच्या तोंडावर ऑलिव्हची तोडणी असते, तेव्हा झाडाखाली जाळ्या पसरलेल्या असतात. कधी त्या वाटेवरही येतात. त्यांवर पाय देऊ नये, कडेने जावे.

चपला-सॅन्डल नकोत. घासून गुळगुळीत झालेला संगमरवर कोरडा असतानाही सरकवतो, पावसानंतर तर भिंतींमधला बोळ ओढाच होतो. पकड असलेल्या तळव्याचे बूट हवेत. काठी वापरणाऱ्यांनी टोकाला रबराची टोपी ठेवावी, उघडे लोखंडी टोक अशा दगडावर निसटते. चढावर वाटेच्या कडेने काटेरी झुडपे असतात, तिथे पूर्ण पँट असलेली बरी. पाणी माणशी दीड ते दोन लिटर न्यावे, कारण मोनीपर्यंत मधे दुकान मिळेलच असे नाही. मोनीच्या चढावर सावली तुटक होत जाते, म्हणून हा टप्पा अकराच्या आत उरकावा. जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा सुटलेला असतो, त्यामुळे ऊन लागत असल्याचे कळत नाही आणि डोके दुखायला लागल्यावरच उमजते. वारा आणि वाळके गवत यांमुळे आगीचा धोकाही तेव्हाच सर्वांत जास्त असतो. विडी-काडी गावातच ठेवावी.

चांगला काळ एप्रिल ते जूनचा आरंभ आणि मग सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर. वसंतात भिंतींच्या पायथ्याशी अ‍ॅनिमोन आणि खसखशीची लाल फुले असतात. एप्रिल-मेमध्ये कुठे अचानक मेलेल्या जनावराचा वास आला तर जनावर शोधू नका, जवळच गडद जांभळ्या, हातभर लांब पानासारख्या वेष्टणाचे एक फूल उभे असेल. ते आपल्या सुरणाच्याच कुळातले, आणि सुरणाच्या फुलासारखेच माश्या बोलावण्यासाठी ही दुर्गंधी सोडते.

द्रोसियानीसाठी हातात वेळ ठेवा. ‘द्रोसिया’ म्हणजे गारवा, आणि उन्हातून आत पाऊल टाकले की नावाचा अर्थ कळतो. बाहेरून हे देऊळ म्हणजे दगडांचे ढीग एकमेकांना टेकवल्यासारखे दिसते: न लिंपलेल्या भिंती, मुख्य दालनाला एका बाजूने चिकटलेली तीन छोटी देवघरे, प्रत्येकाचा घुमट वेगळ्या घाटाचा. आत डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटे लागतात. त्याआधी बाहेर पडलात तर काहीच पाहिले नाही असे समजा. मग घुमटात एक नव्हे, दोन ख्रिस्त दिसू लागतात, एक तरुण आणि एक प्रौढ दाढीवाला. ही चित्रे सातव्या शतकाच्या आसपासची आहेत. ग्रीसमध्ये इतक्या जुन्या चित्रांचे देऊळ अजून उभे असणे दुर्मीळ, कारण आठव्या-नवव्या शतकांत मूर्ती आणि चित्रांवर बंदी होती. त्या बंदीच्या काळाची खूणही याच बेटावर आहे: आपिरान्थोसजवळच्या आया किर्याकी देवळात माणसांची चित्रे नाहीत, गळ्यात फिती बांधलेले पक्षी आहेत. द्रोसियानीत फ्लॅश मारू नये. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, आणि मेणबत्ती घेतली तर पेटीत नाणे टाकावे. ज्यांना चालणे झेपणार नाही त्यांच्यासाठी डांबरी रस्ता थेट देवळापाशी येतो.

शेवटी ते ‘लिंबाचे मद्य’. हाल्कीच्या चौकाजवळ 1896 पासून चालत आलेली वालिन्द्रास यांची भट्टी आहे आणि तिथे होते ते ‘कित्रोन’. कित्रोन म्हणजे लिंबू नव्हे, महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असते तेच, जाड सालीचे, खरबरीत. मद्यासाठी फळ वापरत नाहीत, पाने वापरतात. पाने मद्यार्कात भिजवून तांब्याच्या भांड्यात ऊर्ध्वपातन करतात. फळाची जाड साल साखरेत शिजवून चमच्याने खायचा मुरांबा होतो, तो न पिणाऱ्यांनी मागावा. मद्याचे रंग तीन: हिरवे सर्वांत गोड आणि सौम्य, पिवळे सर्वांत कडक आणि कमी गोड, बिनरंगी या दोघांच्या मधले. पहिल्यांदा घेणारे रंग बघून पिवळे उचलतात आणि ठसका लागतो. फेरीच्या आधी तर कुठलेच नको.

परतीच्या बसची वेळ निघण्यापूर्वीच चौकातल्या काफेनिओत (कॉफीच्या दुकानात) विचारून घ्यावी. थांब्यावरचे वेळापत्रक कधीकधी मागच्या हंगामाचे असते. बस आली की हात दाखवावा, नाहीतर ती थांबत नाही.

आपला नम्र,
एक वाचक