कामगार न्यायालयाची नोटीस आणि मालकांचे मौन

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीतून मला चौकशीविना कमी केल्यावर मी औद्योगिक विवाद कायदा, १९४७ खाली कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात दाद मागितली. मालकांनी एकाही नोटिशीला उत्तर दिले नाही. मालक हजर न झाल्यास दावा बारगळतो, हा अनेक सहकाऱ्यांचा समज चुकीचा आहे. नोटीस रीतसर बजावल्याची खात्री झाल्यावर न्यायालय एकतर्फी सुनावणी घेऊ शकते, मात्र कामगाराला शपथपत्र आणि पुरावा द्यावाच लागतो. माझ्या पत्नीने जपलेल्या पगारपावत्या व भविष्य निर्वाह निधीची कागदपत्रे त्या वेळी कामी आली.

खरा त्रास निवाड्यानंतर सुरू झाला. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या या कायद्यात निवाडा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांनी अंमलात येत असे आणि तरीही रक्कम न मिळाल्यास कलम ३३-सी नुसार वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली व्हावी, अशी तरतूद होती. माझा दाखला मात्र महसूल कचेरीत पडून आहे, आणि मी दर आठवड्याला रोजगार बुडवून चौकशीला जातो. अशा दाखल्यांची प्रलंबित यादी जिल्हा प्रशासनाने दरमहा जाहीर करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक फाउंड्री कामगार, कोल्हापूर