लिबपीक्यू सांभाळणाऱ्यांना, एका रिकाम्या उत्तराबद्दल

प्रिय लिबपीक्यूच्या मंडळींनो,

पोस्टग्रेस या डेटाबेसशी प्रोग्राम जोडणारी ही सी भाषेतली लायब्ररी सांभाळणाऱ्या तुमच्यापैकी कोणालाही मी ओळखत नाही. तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर नुकताच बदलला, सगळं नवं आलं, आणि त्या नव्यावर काकांचा जुना प्रोग्राम काही कुरकुर न करता चालू झाला.

काका म्हणजे आमचे आधीचे प्रोग्रामर. पिग्मीची वसुली, ठेवी, कर्जाचे हप्ते, या सगळ्याचा दिवसअखेरचा ताळा लावणारा प्रोग्राम त्यांनी सीमध्ये लिहिला होता. काका आता नाहीत. सोर्स कोड ज्या मशिनवर होता ते मशिनही कधीच भंगारात गेलं. उरली आहे ती फक्त कंपाइल केलेली फाइल, आणि तिच्यावर रोज संध्याकाळी विसंबणारी माणसं. ही फाइल बदलता येत नाही. तिला जे हवं ते बाहेरच्यांनी तसंच ठेवलं तरच ती जगते.

ऑडिटरांचा आग्रह होता की पासवर्ड तपासण्याची एमडी५ ही जुनी, कच्ची पद्धत बंद करा, स्क्रॅम ही नवी वापरा. आग्रह रास्तच होता. पण पोस्टग्रेसमध्ये स्क्रॅम आलं 2017 साली, दहाव्या आवृत्तीत. काकांचा प्रोग्राम त्याच्या कितीतरी आधीचा. ज्याने स्क्रॅमचं नावही ऐकलेलं नाही तो लॉगिन कसा करणार, या काळजीने माझी झोप उडाली होती. आणि त्याने लॉगिन केलं. कारण पासवर्डची सगळी देवाणघेवाण तुमच्या लायब्ररीच्या पोटात होते. कनेक्शनची माहिती ज्यात असते त्या पीजीकॉन या स्ट्रक्चरच्या आत काय आहे हे वापरणाऱ्याला कळता कामा नये, असं तुम्ही हेडर फाइलमध्येच लिहून ठेवलं आहे. काकांच्या प्रोग्रामकडे फक्त त्याचा पत्ता, म्हणजे एक पॉइंटर आहे. त्यामागचं सगळं तुम्ही वर्षानुवर्षं बदलत राहिलात आणि त्याला त्याची झळ लागू दिली नाहीत. लायब्ररीचं नाव 2006 च्या 8.2 आवृत्तीपासून आजपर्यंत लिबपीक्यू डॉट एसओ डॉट 5 आहे. आमची फाइल नेमकं तेच नाव शोधते, त्या पाचाचा सहा झाला असता तर ती उघडलीच नसती.

पण खरे आभार मानायचे आहेत ते याहून लहान गोष्टीचे.

फाइल कोणकोणती फंक्शनं मागते ते मी आधीच काढून पाहिलं होतं. त्या यादीत पीक्यूटीटीवाय दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कनेक्शन झालं की काका लॉगमध्ये होस्ट, डेटाबेस आणि टीटीवाय लिहीत असत. फार जुन्या काळी सर्व्हरचा डीबगचा मजकूर कुठे पाठवायचा हे या टीटीवायने ठरायचं. मग तो अर्थच उरला नाही, आणि चौदाव्या आवृत्तीत तुम्ही तो पर्यायच काढून टाकलात. फंक्शन मात्र ठेवलंत. तुमच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे की हे आता काहीच करत नाही, जुन्यांशी जुळावं म्हणून ठेवलं आहे, आणि ते नेहमी रिकामी स्ट्रिंग परत देतं. कनेक्शनच नल, म्हणजे मुळात नसलेलं, असेल तरच नल.

रिकामी स्ट्रिंग, नल नव्हे! हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. काकांसारख्यांनी ते उत्तर सरळ उचलून दुसऱ्या बफरमध्ये कॉपी केलेलं असणार. तिथे नल आला असता तर प्रोग्राम जागच्या जागी कोसळला असता. ज्याचा आता कोणालाच उपयोग नाही अशा फंक्शनने उत्तर काय द्यावं, याचासुद्धा तुमच्यापैकी कोणीतरी विचार केला. तो विचार आमच्या काकांसाठी होता असंच मी समजते.

याआधी आम्ही दुसऱ्या एका डेटाबेसची लायब्ररीही वापरत होतो. नाव घेत नाही. तिच्या एका किरकोळ अपडेटमध्ये उघड्या स्ट्रक्चरच्या मधोमध एक नवीन फील्ड घुसवलं गेलं. लायब्ररीचं नाव तेच, म्हणून एरर नाही, इशारा नाही. आमचा रिपोर्ट एका फील्डच्या जागी दुसरंच वाचू लागला. विचारलं तर उत्तर आलं, रिकम्पाइल करा, रिलीज नोट्समध्ये लिहिलं होतं. पैशांचे आकडे चुकत होते, समोर खातेदार उभे होते, आणि त्या उत्तरात साधी दिलगिरीही नव्हती. त्याचा राग मला अजून येतो.

आमच्याकडे शेतातली वहिवाटीची वाट जमिनीचा मालक बदलला तरी नांगरून टाकत नाहीत. तुम्ही तेच पाळता. नवी वाट काढता, जुनी मोडत नाही, आणि जुनी कुठे धोक्याची आहे ते खरं सांगता. क्वेरीत घालायचा मजकूर सुरक्षित करणाऱ्या पीक्यूएस्केपस्ट्रिंगला कोणतं कनेक्शन, कोणतं एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) हे कळत नव्हतं, म्हणून 2006 मध्ये कनेक्शन घेणारं नवं फंक्शन आलं. जुनं आजही आहे, ते वापरू नका अशा सूचनेसह. कनेक्शन जोडणाऱ्या पीक्यूसेटडीबीलॉगिनचे पॅरामीटर ठरलेलेच होते, नवा पर्याय घालायला जागाच नव्हती. मग पर्यायांची नावं आणि त्यांची मूल्यं असे दोन अॅरे (याद्या) घेणारं पीक्यूकनेक्टडीबीपॅराम्स आलं, आणि त्यानंतर कितीही पर्याय वाढले तरी फंक्शन बदलावं लागलेलं नाही. क्वेरी रद्द करण्याची जुनी विनंती एन्क्रिप्ट न होता जायची. 2024 मध्ये सतराव्या आवृत्तीत त्यासाठी नवीन फंक्शनं दिलीत, जुनी तशीच ठेवून.

हे काम कंटाळवाणं असणार याची मला कल्पना आहे. जुनं ठेवल्याबद्दल कोणी टाळ्या वाजवत नाही. ज्यांच्यासाठी ठेवलं त्यातले कित्येक निवृत्त झाले, कित्येक गेले. ते तक्रारही करू शकत नाहीत आणि धन्यवादही देऊ शकत नाहीत. जो आपल्याला काहीच परत देऊ शकत नाही त्याच्याशी नीट वागणारी माणसं मला बँकेच्या काउंटरवर भेटली आहेत, एसटीत भेटली आहेत. कोडमध्येही ती भेटतात हे मला तुमच्यामुळे कळलं.

ताळ्याचा नवा प्रोग्राम मी लिहायला घेतला आहे, तुमच्या नव्या फंक्शनांवर. त्याला वेळ लागेल. तोवर काकांचा चालेल, आणि लॉगमध्ये टीटीवायची जागा रोज रिकामी येत राहील. मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची प्रोग्रामर