बाबा, टेसच्या नशिबाला बोल लावू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई वाचून दाखवतेय आणि बाबा डोळे मिटून ऐकताहेत, अशी थॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' ही कादंबरी तुम्ही दोघांनी मिळून संपवलीत हे ऐकून फार आनंद झाला. पण फोनवर तुम्ही दिलेले निकाल काही मला पटले नाहीत. बाबा म्हणाले, "पोरीचं नशीबच फुटकं." आई म्हणाली, "लग्नाच्या रात्री तोंड उघडायची गरज काय होती?" हे असं दोन वाक्यांत मिटण्यासारखं प्रकरण नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

बाबा, तुमच्या बाजूने खुद्द थॉमस हार्डी उभा आहे, हे मला मान्य आहे. टेस धाकट्या अब्राहमला सांगते की आपण राहतो तो तारा किडका आहे. कबुलीचं पत्र ती लग्न ठरलेल्या एंजल क्लेअरच्या दाराखालून आत सरकवते, तर ते नेमकं गालिच्याखाली जातं. शेवटी टेसला फाशी झाल्याची खूण म्हणून तुरुंगावर काळं निशाण चढतं आणि लेखक म्हणतो की देवांच्या अधिपतीचा टेसशी चाललेला खेळ संपला. एवढं वाचल्यावर कुणीही नशिबालाच बोल लावेल. पण हार्डी काय म्हणतो ते क्षणभर बाजूला ठेवा आणि तो काय दाखवतो ते पाहा.

घोडा मरतो ती रात्रच घ्या. मधमाश्यांची पोळी कॅस्टरब्रिजच्या बाजारात पहाटे पोचायला हवीत, म्हणून रात्री दीड-दोनला गाडी निघायला हवी. गाडी हाकायचं काम बापाचं. पण त्याच दिवशी पाद्री ट्रिंगहॅमने जॉन डर्बीफील्डला सांगितलंय की तुझं घराणं मूळचं डर्बरव्हिल सरदारांचं, आणि जॉन ते सरदारपण साजरं करायला गुत्त्यात जाऊन बसलाय. त्याला आणायला गेलेली बायको तिथेच रमते. दोघांना आणायला अब्राहमला पाठवलं, तर तोही परत येत नाही. शेवटी टेस जाते. रात्री बाप उठण्याच्या स्थितीत नसतो, तेव्हा ती नऊ वर्षांच्या भावाला घेऊन अंधारात गाडी काढते. वाटेत कंदील विझतो, दमलेल्या पोरीला डुलकी लागते, गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जाते आणि समोरून येणाऱ्या टपालगाडीचा दांडा प्रिन्स घोड्याच्या छातीत घुसतो. ती धावत जाऊन जखमेवर हात दाबते आणि नखशिखांत रक्ताने माखते.

आता सांगा बाबा, यात ग्रहतारे कुठे आले? दारू पिऊन पडलेला बाप आहे, बाजाराची वेळ आहे, घरची थोरली आहे आणि तिची झोप झालेली नाही.

त्यानंतरचा प्रसंग तर माझ्या मनातून जात नाही. मेलेल्या घोड्याचे थोडेफार शिलिंग आले असते. पण आम्ही डर्बरव्हिल, आमचे घोडे मांजरांच्या खाण्यासाठी विकत नसतो, असं म्हणत जॉन त्याला बागेत पुरतो. एवढा खड्डा त्याने घरासाठी राबताना कधी खणला नसेल! टेसला घरात कुणी रागावतही नाही. तिचा अपराध ती स्वतःच ठरवते आणि त्याची भरपाईही स्वतःच्याच डोक्यावर घेते. म्हणूनच आईने ट्रँट्रिजच्या 'नातेवाईक' बाईंकडे जायचा विषय काढला तेव्हा तिच्याने नाही म्हणवलं नाही. ती माणसं खरी डर्बरव्हिल नव्हतीच. पैसा कमावलेल्या सायमन स्टोकने हे नाव आपल्या नावाला नुसतं चिकटवलं होतं. अलेक हा त्याचा मुलगा. बापाला फुकट मिळालेलं आणि परक्याने उचललेलं, दोन्हीकडचं नाव टेसला महाग पडलं.

आता आई, तुझ्याकडे वळते. तू टेसच्या आईबद्दल, जोन डर्बीफील्डबद्दल फोनवर काहीच बोलली नाहीस, याचं मला आश्चर्य वाटलं. मला वाटतं सगळ्या गोष्टीची किल्ली तिच्याकडे आहे. ट्रँट्रिजला पाठवायच्या दिवशी ती टेसचे केस धुते, नेहमीपेक्षा मोठी गुलाबी फीत बांधते, आणि अंगावर असा पांढरा झगा चढवते की जेमतेम सोळा-सतराची पोर भरलेली बाई दिसावी. मुलीच्या रूपावर तिचा सगळा हिशोब आहे. गाडी दिसेनाशी झाल्यावर तिच्या पोटात कालवतं, रात्री ती नवऱ्याला म्हणतेही की अलेक खरंच चांगला माणूस आहे का याची आधी चौकशी करायला हवी होती. आणि मग स्वतःचीच समजूत घालते: आधी लग्न नाही केलं तर नंतर करेल. या वाक्याशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. म्हणजे काय होऊ शकतं हे जोनला माहीत होतं. ते तिने फक्त मुलीला सांगितलं नाही.

चेसच्या जंगलात अलेक टेसचा गैरफायदा घेतो ती रात्र होते, टेस काही आठवड्यांनी घरी येते, आणि आई तिलाच विचारते की लग्न करून घ्यायचं नव्हतं तर जपून का नाही वागलीस. तेव्हा टेस जे बोलते ते मला या कादंबरीतलं सर्वांत खरं बोलणं वाटतं. चार महिन्यांपूर्वी इथून गेले तेव्हा मी लहान पोर होते, पुरुषांपासून धोका असतो हे तू मला का नाही सांगितलंस? शिकलेल्या बायका कादंबऱ्या वाचतात, त्यांना हे डाव कळतात. मला ती संधी मिळाली नाही, आणि तूही मदत केली नाहीस.

आई, याला जोडून एक गोष्ट सांगते, ती तुला पुस्तकात सापडायची नाही. 1891 साली ही कादंबरी 'द ग्राफिक' या साप्ताहिकात क्रमशः आली, तेव्हा जंगलातला प्रसंगच काढून टाकावा लागला. त्याच्या जागी अलेकने खोट्या लग्नाचा बनाव करून तिला फसवलं, असं हार्डीला लिहावं लागलं. टेसला पुढे झालेल्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा भागही गाळला. इतकंच काय, पाणी साचलेल्या वाटेवरून एंजल दूधवाल्या मुलींना उचलून पलीकडे नेतो, तर साप्ताहिकात त्याने त्यांना हातगाडीत बसवून नेलं! त्याआधी दोन मासिकांनी हस्तलिखित परतही केलं होतं. म्हणजे कादंबऱ्या वाचणाऱ्या मुली सावध होतात असं टेस म्हणते, आणि त्यांना सावध करणारं प्रकरणच सभ्य घरांतल्या त्या वाचकांपुढे येऊ दिलं गेलं नाही. जोन अडाणी होती, पण शिकलेला इंग्लंड तरी वेगळा कुठे वागत होता?

म्हणून तुझा प्रश्न, ती बोललीच का, मला उलटा विचारावासा वाटतो. "तुझ्या मागच्या भानगडीबद्दल त्याला चकार शब्द सांगू नकोस" हा जोनचाच सल्ला आहे, पत्रातून पाठवलेला. आधी ती गप्प राहिली लग्न व्हावं म्हणून, आणि आता मुलीला गप्प बसवते लग्न टिकावं म्हणून. टेसने मात्र सांगायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पत्रही लिहिलं. लग्नाच्या आधी ते न उघडलेलं पत्र तिला गालिच्याखाली सापडतं, आणि त्या धांदलीतही ती एंजलला म्हणते, मला काही कबूल करायचंय. तोच म्हणतो, नंतर बोलू.

आणि शेवटी ती बोलते कधी? एंजलने आधी स्वतःची कबुली दिल्यावर. लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर त्याने दोन दिवस घालवलेले असतात. टेस त्याला तिथल्या तिथे क्षमा करते, उलट आनंदते, की चला, आपलंही आता सांगता येईल. त्याच खोलीत, त्याच शेकोटीपुढे ती आपलं सांगते, आणि तो म्हणतो, मी जिच्यावर प्रेम केलं ती तू नव्हेस. मला अलेकपेक्षा एंजलचा राग जास्त येतो. अलेक काय आहे हे टेसला कधीतरी कळलेलं असतं. एंजलवर तिने जीव टाकला होता, आणि तो तर बापाच्या धर्माविरुद्ध बंड केलेला, सुधारक विचारांचा तरुण! पण हा दुटप्पीपणा त्याच्या एकट्याचा नव्हता. इंग्लंडच्या 1857 च्या कायद्याने नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढ्यावर घटस्फोट मिळे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा भेद 1923 पर्यंत टिकला. एंजल मनाने जे बोलला, ते देशाने कायद्यात लिहून ठेवलं होतं.

पुढचं सगळं पैशाचं आहे, आणि ते वाचताना माझा जीव कासावीस झाला. एंजल तिच्यापासून दूर होताना तिला पन्नास पौंड देतो, आणि पुढे ब्राझीलला जातो. त्यातले निम्मे ती आईला देते, एंजलच्या बायकोला एवढं सहज परवडतं असं वाटावं म्हणून. मग घरून पत्र येतं, छप्पर गळतंय, वीस पौंड हवेत. बँकेतून तीस पौंड येतात, त्यातले वीस ती पाठवून देते. आणि स्वतः कुठे जाते? फ्लिंटकोम-अॅशच्या खडकाळ माळावर, पावसात आणि बर्फात सलगम खणायला. घरी ती काही कळवत नाही. नवरा पैसेवाला आहे आणि एव्हाना परतला असेल, असं धरून जोन मागते. वाईट बाई नाही ती, आई. टेसच्या खालची सहा पोरं, पिऊन पडणारा नवरा, आणि टेससारखी कर्ती मुलगी. मागायची सवय लागली की माणसाला देणाऱ्याचा चेहरा दिसेनासा होतो.

टेसच्या माहेरच्या गावी राहत्या घराचा करारही तीन माणसांच्या हयातीपुरता असे. जॉन मेला तसा तिसरा जीव संपला आणि कुटुंब रस्त्यावर आलं. आठवड्याच्या भाड्याने कदाचित राहू दिलं असतं, पण टेस घरी परतली होती आणि बाळाच्या थडग्याची डागडुजी करताना ती लोकांना दिसली होती. त्या बाळाला तिने मध्यरात्री, भावंडांना गुडघे टेकायला लावून, स्वतःच्या हाताने बाप्तिस्मा दिला होता, नाव ठेवलं होतं सॉरो. पाद्रीने त्याला रीतसर दफन नाकारलं, म्हणून दारुडे आणि आत्महत्या केलेल्यांच्या कोपऱ्यात त्याला पुरलं, आणि तिने तिथे मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून फुलं ठेवली. त्या थडग्यापायी आपलं घर गेलं, असं टेसच्या मनाने घेतलं. घोड्याच्या वेळी जे झालं तेच पुन्हा, बाबा. दोष तिचा, भरपाई तिची. अलेक तिथे पैसे आणि घर घेऊन उभाच असतो, आईसाठी, भावंडांसाठी. ती त्याच्याकडे परत गेली ती अशी. सुरी, तिच्या हातून अलेकचा खून, स्टोनहेंजमधली अटक हे सगळं नंतर आपसूक येतं. त्यावर मला फार लिहावंसं वाटत नाही.

एक दार मात्र होतं, आणि तेच मला टोचतं. एंजलचे वडील, वृद्ध क्लेअर. पंधरा मैल चालत टेस त्यांच्या गावी जाते. जाड बूट कुंपणात लपवते, चांगले पातळ बूट घालते, म्हणजे सासरच्यांना बरी दिसावी. रविवार असतो, मंडळी चर्चमध्ये. मग तिला एंजलचे भाऊ जाताना दिसतात, एंजलच्या लग्नाबद्दल तिच्या कानावर पडेल असं बोलतात, तिचे बूट कुणा भटक्याने टाकलेले समजून उचलतात, त्यांच्याबरोबरची तरुणी ते घेऊन जाते, आणि टेस तशीच मागे फिरते. हार्डी इथे स्पष्ट सांगतो की मुलांवरून बापाची पारख करण्यात ती चुकली, त्या म्हाताऱ्या माणसाचं काळीज अशाच अडलेल्यांसाठी तुटत असे. टेसचा यात काही वाटा असेल तर तो हा अभिमान. पण मला तो दोष म्हणवत नाही. आयुष्यभर जिने घरी फक्त दिलं, तिला मागायचं कसं हे शिकवलं कुणी?

तुम्ही मला शिकवलंत. मीही थोरली. आई, न्हाणीघराच्या बाहेर बसवून तू मला वयात येताना सगळं सांगितलं होतंस, लाजत, पण सांगितलं होतंस. बाबा, तुमचं कर्ज किती होतं हे मला कळलं ते फिटल्यावर. तेव्हा मला वाटलं होतं की आपल्याला घरात परकं धरलं. टेस वाचल्यावर तसं वाटत नाही. हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

आता शेवटाबद्दल. स्टोनहेंजच्या दगडावर पडून, पोलीस येण्याच्या थोडं आधी, टेस एंजलला म्हणते की माझ्यामागे माझ्या धाकट्या बहिणीशी, लायझा-लूशी लग्न कर. इंग्लंडमध्ये मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न 1907 पर्यंत कायद्याने होत नसे, तरी ती म्हणते. फाशी समोर दिसत असताना तिला धाकटीच्या संसाराची काळजी. लोक याला टेसचा त्याग म्हणतात. मला तर तिथे संताप येतो, की मरतानासुद्धा या पोरीच्या डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतलं नाही, आणि एंजलने मुकाट्याने तिच्या बहिणीचा हात धरला. आई, तुला तो शेवट गोड वाटला म्हणालीस. का वाटला ते सविस्तर लिही. आणि बाबा, तुम्ही नशीबच म्हणणार असाल तर म्हणा, पण जॉन डर्बीफील्ड त्या रात्री शुद्धीवर असता तर पुढे काय झालं असतं, एवढ्याचं उत्तर मला हवंय.

आईने चश्म्याचा नंबर तपासून घ्यावा, रात्री फार वेळ वाचत बसू नये.

तुमची,
थोरली