मनू, खोकला अंगावर काढू नकोस

चि. मनू,

काल फोनवर माझा आवाज चढला, सॉरी. पण तू 'साधा खोकलाय बाबा' म्हणालीस आणि लगेच व्हिडिओ बंद केलास, मग माणसानं काय समजायचं? जाऊ दे, आज खोकल्याचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

तू पाठवलेला तुझ्या इंग्लंडातल्या लडलो गावच्या ब्रॉड गेटचा फोटो झूम करून पाहिला. दोन बाजूंना बुरूज आणि वेशीवर चक्क घर! लडलोला सात वेशी होत्या म्हणे, धड उरलीय ती एवढीच. रात्री झोप नव्हतीच, मग वाचत बसलो. अकराव्या शतकाच्या शेवटी डे लेसी घराण्यानं वेल्सच्या हद्दीवर नजर ठेवायला टेकडीवर किल्ला बांधला, बाराव्या शतकात त्याच्या दारात पेठ वसली, रस्ते दोरी लावून आखल्यासारखे, आणि तट मात्र १२३३ नंतर, तोही राजाच्या खिशातून नाही, गावात येणाऱ्या मालावर जकात घ्यायची परवानगी तेवढी राजाची. म्हणजे आधी बाजार, मग भिंत. मी आजवर उलटंच समजत होतो.

मग नेमकं नको ते वाचलं. इंग्लंडच्या राजाचा, सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा, आर्थर, १५ वर्षांचा, लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते, त्या किल्ल्यात नवराबायको दोघं आजारी पडले. कॅथरीन उठली, तो २ एप्रिल १५०२ ला गेला. बाप तिकडे लंडनजवळ, त्याला मागाहून कळलं. रात्रभर मला तो बापच दिसत होता.

तुला घाबरवायला नाही लिहीत गं. पाच वर्षांची होतीस, अजिंक्यताऱ्यावर भिजलीस, तापानं फणफणलेली, खांद्यावरून उतरवली तुला, तरी कानाशी आपलं 'मी बरीये, मी बरीये'. आजही तेच. डोकं ओलं ठेवून बाहेर पडतेस, वेळेवर जेवत नाहीस, आणि... बघ, परत सुरू झालो. माफ कर.

१६८९ ला तिथलं मार्चेसचं कौन्सिल, म्हणजे वेल्स आणि त्याच्या हद्दीचा कारभार बघणारी राजाची सभा, बंद झालं आणि किल्ला ओस पडला, पण बाजार अजून त्याच्याच दारात भरतो, आणि तिथून माझी मुलगी भाजी आणते, हे मी वाड्यात सगळ्यांना दोनदोनदा सांगून झालंय.

आणि हो, २०१३ मध्ये चर्चजवळचा तट ढासळला होता, तिथे भिंतीला टेकून फोटो काढू नकोस.

डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीस की मेसेज टाक. इथे किती वाजलेत ते बघू नकोस.

बाबा