बाबांच्या गोळ्यांबद्दल

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

परवा निघताना बाबांनी माझी बॅग रिक्षात ठेवली आणि त्यांच्या शर्टाची बाही वर सरकली. कोपराखाली पुरीएवढा काळानिळा डाग होता. "कपाटाला लागलं असेल," म्हणत बाबा, तुम्ही बाही खाली ओढलीत. आज आईचा फोन आला, की धुवायच्या शर्टाच्या खिशात गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी सापडली, दहातल्या सहा संपलेल्या. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. दिवसभर मी दवाखान्याच्या फार्मसीत लोकांना गोळ्या समजावून देते, आणि घरी आल्यावर बाबांचा डबा एकदाही उघडून पाहिला नाही.

बाबा, स्टेंट बसवला तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दिलं. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून स्टेंटमध्ये गाठ होऊ नये, हे त्यांचं काम. पुढे ठोके अनियमित निघाले म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी एपिक्साबॅन सुरू केलं. ते वेगळ्या वाटेनं रक्त गोठणं कमी करतं. चिठ्ठ्या दोन, फायली दोन, आणि आठ महिने झाले तरी तिन्ही औषधं चालूच आहेत. दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी पाहिले नाहीत याचा मला राग येतो, आणि त्या 'कुणी'त मीही आलेच.

तिन्ही औषधं एकदम बहुधा थोडेच दिवस देतात. २०१९ साली 'ऑगस्टस' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तुमच्यासारखेच, ठोके अनियमित आणि जोडीला स्टेंट किंवा हृदयविकाराचा झटका असलेले साडेचार हजारांवर रुग्ण होते. सहा महिन्यांत दखल घ्यावी असा रक्तस्राव ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १६.१ टक्के लोकांना झाला, न घेणाऱ्यांत ९ टक्के. पण हे वाचून उद्या सकाळी ॲस्पिरिन बंद करू नका! स्टेंट बंद पडला तर जिवावर बेतेल. कोणती गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील.

रक्तस्रावाचा धोका मोजायला डॉक्टर एक गुणतालिका वापरतात, नऊ गुणांची. तीन किंवा जास्त झाले की जपायचं. तुमचं वय पासष्टच्या वर, एक. परवा बीपी १६८ भरलं, दोन. ॲस्पिरिनसारखी औषधं आणि वेदनाशामक, तीन. वयाला इलाज नाही, बाकीच्या दोन्हीला आहे. शिवाय ती खिशातली गोळी जठराचं अस्तर सोलते, बीपी चढवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. मेडिकलवाल्यानं विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. गुडघा किती दुखतो ते मला माहीत आहे बाबा, जिना चढताना तुमचा चेहरा मी पाहिलाय. तोवर पॅरासिटामॉल घ्या, दिवसाला दोन-तीन गोळ्यांच्या वर नको, आणि गरम पाण्याची पिशवी.

सकाळी उपाशीपोटी घ्यायची पँटोप्राझोल तुम्ही "ॲसिडिटी होत नाही, मग कशाला" म्हणून सोडलीत म्हणे. ती तुमच्या जठराची राखण करायला दिलीय. उद्यापासून परत सुरू करा.

आई, तुझ्याकडे एक काम. मावशीनं हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्यात, त्या बाबांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. आमटी-भाजीतली हळद खुशाल घाल, सांगलीत राहून ती कशी सोडणार! आणि शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं का, लघवी लाल झाली का, हे बाबांना रोज विचार. लाजू नका दोघंही. तसं काही दिसलं, उलटीतून रक्त आलं, किंवा पडून डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसलं तरी रात्री दोन वाजतासुद्धा रिक्षा करून दवाखाना गाठायचा. माझ्या फोनची वाट बघायची नाही.

शनिवारी पहाटे महालक्ष्मीनं उतरते. त्याच दिवशी मिरजेला जाऊ, दोन्ही फायली आणि गोळ्यांचा अख्खा डबा घेऊन. हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासून घेऊ. ती उरलेली पट्टी फेकू नकोस आई, बाबांच्या हाती लागणार नाही अशी ठेव. तिच्यावरचं नाव डॉक्टरांना दाखवायचंय.

तुमची,
ताई