दोर ओढून घेतल्यावर

प्रिय मित्रा,

काल रात्री उशिरा परतलो. अंग असं ठणकतंय की जिना उतरताना कठड्याला धरावं लागतंय, उजव्या ढोपरावर तळहाताएवढा काळानिळा डाग आहे, आणि तरी सकाळपासून मन त्या घळीतच आहे. तुला फोन करणार होतो. पण फोनवर मी भरभर बोलत सुटतो आणि मुख्य तेच राहून जातं, म्हणून लिहायला बसलो.

आधी शुक्रवारचं. दोरावरून धबधबे उतरत, डोहांत उड्या मारत घळीतून खाली जायचं, म्हणजे कॅन्यनिंग करायचं, असा आपला बेत होता, आणि तू आयत्या वेळी 'मी येत नाही' म्हणालास तेव्हा मी तुटक बोललो. 'बघ बाबा, तुझी मर्जी' म्हणून फोन ठेवला. ते मला लागून राहिलंय. तू म्हणाला होतास, 'मला त्या उड्या जमणार नाहीत, आणि माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा होईल.' अरे, तिथली सगळ्यात उंच उडी मीही मारली नाही. आणि खोळंबा कुणाचाच झाला नाही. ते कसं, हेच सांगायचंय.

आम्ही सहाजण, गाइड दोघं. मुख्य गाइड एक बाई होत्या, पन्नाशीकडे झुकलेल्या, आवाज अगदी हळू. त्यांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं: पोहता कितपत येतं, दमा आहे का, खांदा कधी निखळलाय का, कुठली गोळी चालू आहे का. सगळ्यांसमोर विचारलं असतं तर मी पोहण्याबद्दल थोडं वाढवूनच सांगितलं असतं. एकटं विचारल्यामुळे खरं सांगून टाकलं की लांबवर पोहताना धाप लागते. एकाला तर जेमतेम तरंगता येत होतं, तुझ्यासारखंच. त्यांनी नुसती मान हलवली आणि त्याला लाइफ जॅकेट दिलं.

मग वेटसूट. हा अंगात चढवणं हे एक वेगळंच काम आहे, दोघांनी मिळून ओढावा लागतो. 5 मिलिमीटर जाडीचा, आणि इतका घट्ट की मला वाटलं चुकून लहान माप दिलंय. पण तो तसाच असावा लागतो. निओप्रिनमध्ये, म्हणजे ज्या फेसाळ रबराचा तो बनतो त्यात, वायूचे बारीक बुडबुडे अडकवलेले असतात, ते ऊब धरून ठेवतात. आत शिरलेलं थोडंसं पाणी अंगाच्या उष्णतेनं कोमट होतं आणि तिथंच राहतं. सैल सूटमधून ते पाणी सारखं बदलत राहिलं तर सूट असून नसल्यासारखा. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे थंड पाण्यात तासन्‌तास राहायचं तर या कपड्याला पर्याय नाही. वर हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचा कमरेचा-मांड्यांचा पट्टा, त्याच्या मागे घसरताना सूट फाटू नये म्हणून जाड प्लास्टिकचा पडदा, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला ते धबधब्याखाली गेल्यावर कळलं. तिथं एक हातावरच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही.

पहिला डोह मानेपर्यंत पाण्याचा. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की पाण्यात उतरल्या उतरल्या पहिलं मिनिटभर श्वास तुमच्या ताब्यात राहणार नाही. काही करायला जाऊ नका, कातळाला धरून उभे राहा आणि श्वास लांबवर बाहेर सोडत राहा. तंतोतंत तसंच झालं. पाणी मानेपर्यंत आलं आणि छाती आपोआप धापा टाकायला लागली, जणू कुणी आतून ओढतंय. हे होणार असं सांगितलेलं नसतं तर मी तिथंच घाबरून मागे फिरलो असतो. मिनिटभरानं ते ओसरलं. तुला लहानपणी विहिरीत जे झालं होतं ना, मला वाटतं त्यातही हेच असणार: थंड पाण्याचा धसका, आणि त्या मिनिटात काय करायचं ते सांगणारं कुणी जवळ नाही.

पुढे पहिला धबधबा, 12 मीटरचा. दोरावरून उतरायचं. इथं एक गोष्ट शिकलो ती मला फार आवडली. डोंगरात कोरड्या कड्यावरून उतरताना दोराच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे माणूस टोकावरून निसटत नाही. इथं नेमकं उलट. गाठ मारायची नाही, आणि दोर मोजून फक्त पाण्याला टेकेल एवढाच सोडायचा. कारण खाली वाहतं पाणी असतं. ज्यातून दोर सरकवत आपण उतरतो त्या आठच्या आकाराच्या कडीत, डिसेंडरमध्ये, गाठ अडकली, किंवा जादा दोर पायात गुंतला, तर माणूस धबधब्याच्या माऱ्याखाली लटकून राहतो. गाठ नसली की दोर संपतो आणि तू सरळ पाण्यात मोकळा. एकाच दोराला दोन ठिकाणी दोन उलटे नियम, आणि दोन्ही जिवासाठीच. शिवाय वरचा अँकर, म्हणजे दोर कातळाला पक्का केलेली जागा, असा बांधलेला असतो की कुणी मध्येच अडकलं तर गाइड त्याला वरून दोरासकट हळूहळू खाली सोडू शकतो. खाली आधी उतरलेला दुसरा गाइड दोराचं टोक धरून असतो, त्यानं ते ताणलं की उतरणारा जागच्या जागी थांबतो. म्हणजे माझा हात सुटला तरी मी पडणार नव्हतो. हे डोक्याला पटलं होतं. गुडघ्यांना पटायला कड्याच्या काठावर पाच मिनिटं लागली.

आणि मग ती गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे पत्र. सगळे उतरण्याआधी बाईंनी विचारलं, 'कुणाला परत फिरायचंय? आत्ता सांगा. दोर ओढला की ही वाट बंद. बाहेर पडायची पुढची जागा अजून दोन धबधबे खाली आहे.' कुणीच काही बोललं नाही. त्या थांबल्या. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा विचारलं. मग सगळे खाली आल्यावर दोर सर्रकन ओढला गेला, वरच्या कडीतून निसटून डोहात पडला. मी त्या ओल्या कातळाकडे बघत राहिलो. वर चढून जायला काहीच उरलं नव्हतं. पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या मागोमाग एक विलक्षण हलकेपणाही आला. 'जाऊ की नको' हा प्रश्नच संपला होता. आता फक्त पुढचं पाऊल, पुढचा दगड, पुढचा डोह.

पावलांचंही सांगायला हवं. मला वाटलं होतं धोका उड्यांत आणि दोरावर. पण आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला तो साध्या चालण्यात, एका दगडावरून दुसऱ्यावर टाकलेल्या टांगेत. शेवाळलेल्या कातळावर टांग टाकायचीच नाही. बसायचं, हात टेकायचे, घसरत जायचं. त्याचा घोटा बांधून दिला आणि त्यानंतर आम्ही सगळेच दगडांवरून बसून बसून उतरलो.

पहिल्या दोन धबधब्यांच्या मधला टप्पा मी कधी विसरणार नाही. घळ तिथं इतकी अरुंद होते की दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. भिंती सरळ नाहीत, पाण्यानं वळवून वळवून कापलेल्या, आणि जागोजागी रांजणखळगे. गोट्यांना गरागरा फिरवत पाण्यानं कोरलेले. एकात मी गळ्यापर्यंत उभा राहिलो, तळाशी पायाला गुळगुळीत गोल दगड लागले. तेच ते गोटे. अजून काम चालू आहे. वर आकाशाची नुसती एक चिंधी, आणि उजेड थेट खाली येत नाही. या भिंतीवरून त्या भिंतीवर टप्पे घेत येतो आणि येता येता पिवळट होतो. आम्ही सगळे आपोआप कुजबुजत बोलत होतो. 1905 साली एदुआर मार्तेल हा फ्रेंच संशोधक आपल्या सोबत्यांना घेऊन फ्रान्समधल्या व्हेर्दोन नदीच्या प्रचंड घळीत उतरला होता, आतल्या वाटेचा नकाशा हाताशी नसताना. मी हे कधीतरी वाचलं होतं. तिथं उभा असताना पहिल्यांदा कळलं की माणसं असल्या जागी का उतरली असतील.

त्याच टप्प्यात बाईंनी वर बोट दाखवलं. आमच्या डोक्यावर सहा-सात मीटर उंचीवर दोन भिंतींमध्ये एक अख्खं झाडाचं खोड आडवं अडकलेलं होतं. 'ते कुणी ठेवलं नाही,' त्या म्हणाल्या, 'पाण्यानं ठेवलंय.' म्हणजे पाणी तिथपर्यंत चढलं होतं. मग त्यांनी साक्सेटनबाख नावाच्या ओढ्याच्या घळीतलं सांगितलं. 27 जुलै 1999, स्वित्झर्लंड. पर्यटकांचे गट घळीत असताना वरच्या पाणलोटात वादळी पाऊस झाला, लोंढा आला आणि 21 माणसं गेली. त्यांतले तिघं गाइड होते. त्यानंतर तिथं अशा धाडसी खेळांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला, तो 2014 पासून लागू आहे. बाई हे घाबरवायला सांगत नव्हत्या. सकाळी आमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना त्या तासभर हवामान का बघत होत्या, वरच्या बाजूला कुणाशी फोनवर का बोलत होत्या, याचं ते उत्तर होतं. घळीत तुमच्या डोक्यावरचं आकाश काही सांगत नाही, पाऊस कुठेतरी दूर वर पडतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की क्षणाचाही विचार न करता उंच जागा गाठायची. म्हणून तुला सांगतो, पुढेमागे कुठेही जायचं ठरवलंस तर किती उड्या आहेत ते विचारू नकोस. हवामान बिघडलं तर बेत रद्द करता का आणि अर्ध्यातून बाहेर पडायच्या जागा कुठं आहेत, एवढं विचार. उत्तर द्यायला जो का कू करेल त्याच्याबरोबर जाऊ नकोस.

आता ती उडी. 7 मीटर. आकडा लहान वाटतो, पण काठावर उभं राहिलं की डोळे स्वतःच्या उंचीवर असतात, म्हणजे बघायला जवळजवळ 9. खाली पडायला सव्वा सेकंद लागतो आणि पाण्याशी भेट होते ती ताशी 42 किलोमीटर वेगानं. बाई आधी स्वतः दोरावरून उतरल्या, डोहात बुडी मारून तळ चाचपला. मागच्या आठवड्यात खोल असलेल्या डोहात या आठवड्यात पुरानं आणलेला धोंडा असू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी नव्यानं बघायचं. मग चौघांनी उड्या मारल्या. पाय जुळलेले, अंग ताठ, गुडघे किंचित सैल, हात छातीशी. सूर मारायचा नाही, कधीच नाही.

माझी पाळी आली. मी काठावर गेलो, खाली पाहिलं, मागे आलो. पुन्हा गेलो. खालून कुणीतरी 'मार रे, मार' म्हणालं आणि बाईंनी तिथूनच हात वर करून त्याला गप्प केलं. वर माझ्याजवळ दुसरा गाइड होता. त्यानं 'एक, दोन, तीन' मोजलं नाही, पाठीवर थाप मारली नाही. एवढंच म्हणाला, 'दोर लावलेलाच आहे. मनात अर्धी शंका असताना उडी मारली की माणूस शेवटच्या क्षणी मागे रेलतो आणि वाकडा पडतो. अर्धी उडी मारू नका.' मी म्हटलं, 'नको.' त्यानं माझ्या हार्नेसला कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, अडकवला आणि दोन मिनिटांत मी खाली होतो. मित्रा, दोनच मिनिटं! तू ज्या खोळंब्याच्या भीतीनं घरी राहिलास, तो एवढासाच. त्या डोहाच्या काठी उभा असताना मला तुझी इतकी आठवण आली. तू तिथं असायला हवा होतास. 'नको' म्हणायची जागा त्या वाटेवर आधीपासून ठेवलेली होती, आणि फोनवर मी तुला तीच दिली नाही.

नंतर एका 3 मीटरच्या कातळावरून मी आपण होऊन उडी मारली. कुणी सांगितलं नव्हतं. पाणी कानांवर आदळलं, सगळं हिरवं झालं, आणि वर आलो तेव्हा मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही.

शेवटच्या धबधब्याखाली पांढराशुभ्र फेस होता, तिथून पटकन उजवीकडे सरकायला सांगितलं होतं. फेसात निम्मी हवा असते, ती अंगाला उचलून धरत नाही, कितीही हात मारले तरी पुढे जाणं होत नाही. आणि पडणारं पाणी माणसाला परत धबधब्याच्या पायथ्याशी ओढतं. मी चार हात मारून बाहेर निघालो खरा, पण तोवर बोटं इतकी बधिर झाली होती की स्वतःचा कॅराबिनर उघडता येईना. बाईंनी न बोलता उघडून दिला, मग माझं नाव विचारलं, आजचा वार विचारला. मला कळेना असं का. नंतर म्हणाल्या, थंडीनं जीभ अडखळायला लागली की त्यांना काळजी वाटते, आणि कुडकुडणारा माणूस एकाएकी कुडकुडायचा थांबला तर त्याहून जास्त.

आमची घळ फ्रेंच पद्धतीच्या प्रतवारीत व्ही 3, ए 2 होती. 'व्ही' म्हणजे उभी उतरण, 'ए' म्हणजे पाणी, दोन्ही 1 ते 7. तुझ्यासाठी याहून सोपी बघू, पाण्याचा आकडा 1 असलेली. मी बाईंशी बोलून ठेवलंय, तुझं नाव न घेता. पोहणं कमी आलं तरी चालेल म्हणाल्या, पण पाठीवर निवांत तरंगता आलं पाहिजे आणि तोंडावर पाणी आलं तर घाबरून धडपड व्हायला नको.

तेव्हा गुरुवारी संध्याकाळी 6 ला पोहायच्या तलावावर ये. उथळ बाजूलाच थांबू. तुझ्या मानेखाली माझा हात असेल, आणि तू सांगशील तेव्हाच काढेन. चष्म्याला मागून बांधायची दोरी घेऊन ठेव, ती घळीतही लागेल.

तुझाच मित्र